कापून वाढलेलं कटलेट

रिकामी बशी घेऊन नंदाबाई आत आली आणि चुलीपुढं उभ्या असलेल्या रखमाजीला म्हणाली, "भाऊ, त्यो कोपऱ्यातला चष्मेवाला इचारतोय, आसलं कटलेट आता ममईत कुटं मिळंल म्हून. म्हंतोय, पैलं एकाच घरी मिळायचं, आता त्ये घरच बंद झालंय." एवढं बोलून तिनं बशी घासायच्या भांड्यांत टाकली, दोन भरलेल्या उचलल्या आणि ती बाहेर गेली. गिऱ्हाईक काहीबाही विचारतं, त्यातलंच तिच्या लेखी हे एक. रखमाजीच्या हातातला झारा मात्र कढईवर तसाच राहिला. तेलात दोन कटलेटं होती. त्यांचा आवाज बारीक होत आला की ती उलटायची, हे त्याला झोपेतही चुकलं नसतं; पण आवाज बारीक झाला, थांबला आणि करपल्याचा वास नाकाशी आला तेव्हा कुठं त्याचा हात हलला. दोन्ही कटलेटं एका अंगानं काळी पडली होती. पाच महिन्यांत ह्या चुलीवर त्याचं काही करपलं नव्हतं. 'कुटं मिळंल म्हनं! मसनात मिळंल,' तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं ती कुत्र्यासाठी ठेवलेल्या पातेल्यात फेकली.

लोणावळ्याच्या बाजारपेठेतली अजीजुन्निसाची खाणावळ म्हणजे पुढं सहा टेबलांची खोली आणि मागं ही पत्र्याची पडवी. एरवी वैशाखात हवा खायला येणारे चार बंगलेवाले सोडले तर इथं कोण असायचं? पण यंदा जपान्यांनी रंगून घेतलं आणि मुंबई अर्धी रिकामी झाली. आज बॉम्ब पडतो का उद्या, ह्या भयानं माणसं ट्रंका, बिछाने, पिंजऱ्यातले पोपट घेऊन घाट चढून आली. शेजारच्या वळवणला गुरांचे गोठेसुद्धा भाड्यानं गेले. रखमाजीला ह्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. त्यांना इथलं पाणी जड लागायचं, इथला तांदूळ जाडा वाटायचा, इथली माणसं लुच्ची वाटायची. पुढच्या खोलीत बसून ती जपान्यांच्या नावानं दात-ओठ खायची, ते कसे ठेंगणे, कसे कपटी, त्यांनी सिंगापुरात काय केलं हे ओरडून एकमेकांना सांगायची. आणि सांगता सांगता समोरच्या बशीतली कटलेटाची फोड उचलून तोंडात टाकायची. पत्र्याच्या फटीतून रखमाजी ते बघायचा. 'खावा, खावा. ज्याच्या भ्यानं पळालात, त्येचंच खावा.' दिवसभराच्या धगीत तेवढीच त्याची करमणूक होती. गावात त्या पदार्थाला 'रखमाजीचं कटलेट' म्हणत. ते कुणाकडून आलं, हे आजवर एकानंही विचारलं नव्हतं.

ओळखलं तरी कशावरून असेल? हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला खरा, पण उत्तर त्याच्या समोर पाटावरच होतं. मुंबईत कटलेट म्हणजे खिमा आणि बटाटा; अंड्यात बुडवायचं, रव्यात घोळवायचं, तव्यावर लालसर करायचं. हे तसं नव्हतं. हा मांसाचा अख्खा तुकडा, हाड काढून, सुरीच्या पाठीनं ठेचून रुंद केलेला. त्यावर पीठ, मग अंडं, मग शिळ्या पावाचा जाडसर चुरा, आणि कढईभर तेलात तळण. तेवढ्यावरही कुणी म्हटलं असतं, असेल कुठल्या क्लबात शिकलेला. पण साहेबलोक कटलेट अख्खं वाढतात, बाजूला काटा-सुरी ठेवतात. जपान्यांच्या हातात दोन काड्या. काड्यांनी काय कापणार? म्हणून त्यांचा आचारी ते आतच कापतो. सहा फोडी, सारख्या रुंदीच्या, आणि कापल्यावर पुन्हा एकमेकींना अशा लावायच्या की बशीत ते अख्खंच दिसावं. शेजारी कोबी, बारीक, अगदी सुतासारखा. लोणावळ्यात ह्याची काही गरज नव्हती. बोकडाचं कटलेट त्यानं अख्खं वाढलं असतं तरी लोकांनी ते हातानं मोडून खाल्लं असतं. दोनतीनदा त्यानं ठरवूनही पाहिलं होतं की आज कापायचं नाही. पण तेल निथळलं की हात आपोआप सुरीकडं जायचा. अकरा वर्षांची खोड. त्या खोडीनंच आज घात केला होता.

अकरा वर्षं तो कंबाला हिलवरच्या बंगल्यात होता. कापसाच्या जपानी पेढीतले आठ कारकून तिथं राहत आणि त्यांच्या जेवणाखाण्यावर हारादा नावाचा एक म्हातारा होता. साहेब कसला, पूर्वी कुठल्याशा बोटीवर भटारखान्यात होता म्हणत. पण रखमाजीला त्याला साहेबच म्हणावं लागे. पहिले तीन महिने हारादानं त्याला कोबीशिवाय कशाला हात लावू दिला नाही. एखादा धागा जाड निघाला की तो काडीनं उचलायचा, रखमाजीच्या डोळ्यांपुढं धरायचा आणि त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून आत सोडायचा. थंडगार, ओला. बोलायचा काहीच नाही. घाटी माणूस मार सोसतो, शिवी सोसतो. पण पाठीवरून खाली सरकणारा तो कोबीचा धागा रखमाजीला अजून आठवला की अंगावर काटा यायचा. त्यानं म्हाताऱ्याचा द्वेष केला, आणि शिकला तो त्या द्वेषापायी. ह्याला बोट दाखवायला जागा म्हणून ठेवायची नाही, एवढ्या एका जिद्दीनं. शाबासकी हारादाला ठाऊकच नव्हती. बशी परत फेकली नाही, तो दिवस चांगला. मग सहाव्या की सातव्या वर्षी एका दुपारी त्यानं स्वतःची सुरी, जी तो दुसऱ्याला शिवू देत नसे, ती पाटावर आणून ठेवली. मूठ रखमाजीच्या बाजूला केली आणि निघून गेला. रखमाजी नळाखाली तोंड धरून रडला. आणि ह्या थेरड्यानं आपल्याला रडवलं म्हणून नंतर त्यानं त्याचा आणखीनच राग केला.

पण बंगल्यातलं कटलेट होतं डुकराचं. तिथंच सगळी गोम होती. मावळात रानडुक्कर मारलं तर पाटलाच्या घरीसुद्धा वाटा जातो, त्यात कुणाची मान खाली जात नाही. हे मार्केटातलं, गुलाबी, पाळीव. वराळ्यात, त्याच्या गावी, हे कळतं तर भावकीतल्या एकानंही रखमाजीच्या हातचं पाणी घेतलं नसतं. शालूबाईला, बायकोला, त्यानं 'कोंबडी' सांगितलं होतं. ती सणाला घरी आलेल्या नवऱ्याचा सदरा धुवायला घेताना एकदा नाकाशी धरून थांबली होती. तेव्हा तो विनाकारण तिच्या अंगावर ओरडला होता आणि तेव्हापासून स्वतःचा सदरा स्वतः धूत आला होता. स्वतः त्यानं ते मांस खाल्लं नाही. आपण चव न घेता कानानं शिकलो, तेलाच्या आवाजावरून, ह्याचा त्याला गर्व होता आणि आधारही होता: खाल्लं थोडंच! तेही खरं म्हणजे खोटं होतं. एकदा कापताना कडेचा कुरकुरीत तुकडा तुटून पाटावर पडला आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. तुकडा नखाएवढा. तो चांगला लागला होता. इतका चांगला, की घाबरून त्यानं चूळ भरली.

जपान लढाईत उतरलं आणि मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी पोलिसांची लॉरी बंगल्याच्या आवारात शिरली. बोटी मिळाल्या ते कारकून आधीच गेले होते. तिघे आणि हारादा उरले होते. भात चुलीवर होता. एका सार्जंटनं रखमाजीला भिंतीकडं ढकलून नाव विचारलं, गाव विचारलं, आणि हा घाटी नोकर आहे असं पाहून हाकलून दिलं. हारादानं जाताना त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानं चुलीकडं पाहिलं, भाताखालचा जाळ कमी करायची खूण केली आणि लॉरीत चढला. रखमाजीनं जाळ कमी केला. भात झाला. खायला कोणी नव्हतं. त्यानं सुरी धोतरात गुंडाळली आणि बोरीबंदर गाठलं.

गफूर असता तर त्याला सगळं सांगता आलं असतं. गफूर त्याचा तळेगावच्या शाळेतला सोबती, लोणावळ्याला ही खाणावळ काढली त्यानंच. पण त्याआधीच्या फाल्गुनात तो छातीत कळ येऊन गेला होता आणि चूल त्याची बायको अजीजुन्निसा एकटी ओढत होती. तिला हात पुरत नव्हते. रखमाजी दारात उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तुमी आलात, माझा दीर आल्यावानी झालं. आजपास्नं चूल तुमची." तिची एकच गोष्ट कडक होती: मटण अल्लाउद्दीनच्या दुकानचंच, आणि कढईत दुसरं काही पडता कामा नये. पहिल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं होतं, "ममईला सायबाकडं काय काय करायचात?" आणि तो म्हणाला होता, "कोंबडं, बोकड, मासळी." तिनं पुढं काही विचारलं नाही. ज्या बाईनं चुलीवर त्याचा हात चालू दिला, तिच्या भावकीतल्या माणसांनी 'मराठा आचारी कशाला' म्हटलं तेव्हा त्यांना घराबाहेर काढलं, तिच्याशी तो खोटं बोलला. आणि ती सुरी? ती त्यानं राखेनं घासली, कढत पाण्यात टाकली, चिंच लावून घासली, दोन दिवस उन्हात ठेवली. त्याच्या हिशेबी ती निवळली. ती निवळली का नाही हे ठरवणं आपलं काम नव्हतं, ज्यांच्या घरात ती चालणार त्यांचं होतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. आपल्या घरी बाटलेलं भांडं आपण जसं घासून घेतो, तसं त्यानं दुसऱ्याच्या वतीनं घासून घेतलं. फाल्गुनात गफूरची बरसी झाली. बरसीचं मटण त्यानं त्याच सुरीनं कापलं. तळेगावचे पाव्हणे जेवले, मौलाना जेवले, आणि शेवटी अजीजुन्निसा एकटीच भिंतीला टेकून जेवली; डोळे पुसत म्हणाली, "त्येंच्या तोंडच्या चवीचं झालंय, भाऊ." त्या दिवशी रखमाजीला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. ते आज वाटत होतं.

"इथं कटलेट कोण करतं?"

चष्मेवाला पडवीच्या दारात उभा होता. गिऱ्हाईक आत येत नाही ही रीत त्याच्या गावीही नव्हती. पांढरा कोट, हातात ओला रुमाल, तोंडावर पोट भरलेल्या माणसाचं हसू. अजीजुन्निसा खाली सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिनं पदर सारखा केला.

"ह्ये भाऊ करत्यात," ती म्हणाली. "काय कमीजास्त झालं का?"

"छे छे, कमी कसलं! मी कापसाच्या दलालीत आहे. आमच्या जपानी पेढीचा एक बंगला होता कंबाला हिलवर. तिथं चार वेळा जेवलोय. हुबेहूब असंच कापून वाढायचे. तिथलं डुकराचं असायचं, पण काय मऊ, तुम्हाला सांगतो..." आणि मग समोर कोण बसलं आहे हे ध्यानात येऊन तो थांबला. "माफ करा बाई. तुमचं बोकडाचं आहे, ते मला कळतं. मी आपला विचारत होतो, हे गृहस्थ तिथलेच की काय?"

अजीजुन्निसाचा हात सुपात थांबला. ती रखमाजीकडं बघत नव्हती. तांदळाकडं बघत होती.

"न्हाई," रखमाजी म्हणाला. "कोन जपानी? मी भायखळ्याला पारशाकडं व्हतो."

"मग हे कापून वाढायचं?"

"हितं काटं-चमचं न्हाईत. लोकास्नी हातानं खायाला सोपं पडतं, म्हून."

अजीजुन्निसाचा हात पुन्हा चालू झाला. "आमचं भाऊ असल्या घरी काम करायचं न्हाईत," ती चष्मेवाल्याला म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो विश्वास होता तो ऐकून रखमाजीनं मान कढईकडं वळवली. पण सुटलो, हेही वाटलं. आता हा बाबा गेला की झालं. सुरी दरीत टाकून द्यायची, अख्खं कटलेट वाढायचं, कोबी जाड चिरायचा. एवढंच करायचं होतं.

"खरंच, मीही काय विचारतोय!" चष्मेवाला हसला. "तो आचारी जपानीच असणार, तिकडून आणलेला. आपल्या मावळ्या गड्याला तो हात कुठून यायचा? त्यासाठी तसं रक्त लागतं. तुमचं आपलं लोणावळ्याच्या मानानं बरं आहे. कुणाचं तरी पाहून उचललं असेल, नाही? नक्कल म्हणून छान आहे."

नक्कल. रखमाजीच्या कानशिलात गरम झालं. ह्या लठ्ठ, तुपकट माणसानं चार वेळा त्याच्या हातचं खाल्लं, ओठ पुसले, हारादाला वाकून वाकून शाबासकी दिली. आणि आत, दाराच्या फटीमागं, रखमाजी घामानं निथळत उभा होता. हारादानंही ती शाबासकी खुशाल घेतली होती. पेढीतल्या एकालाही कधी कळलं नव्हतं की सातव्या वर्षापासून म्हातारा चुलीपुढं उभाच राहत नाही, स्टुलावर बसून विड्या ओढतो. गावात तो कोंबडीवाला, बंगल्यात तो घाटी, इथं तो नकल्या. एवढ्या मोठ्या मुंबईत एक पदार्थ होता जो त्याच्याइतका कुणाला येत नव्हता, आणि तो त्याचा आहे हे जगात एकालाही माहीत नव्हतं. गप्प बस, त्यानं स्वतःला सांगितलं. ती तांदूळ निवडतेय. तिचा जीव आत्ताच ठिकाणावर आलाय. गप्प बस. चष्मेवाला रुमालानं बोटं पुसत वळला होता, दोन पावलं गेलाही होता.

"अवो," रखमाजी म्हणाला. "दिवाळीच्या आधी आला व्हतात तुमी. शेवटचं. तिसरी बशी मागितलीत. म्हातारा न्हाई म्हनत व्हता, मांस सपलं म्हून; म्या उंद्यासाठी ठिवलेलं काढलं."

चष्मेवाला थबकला. "तुम्हाला कसं...?"

"त्यो म्हातारा विड्या वढायचा. तळायचो मी. शेवटची चार-पाच वरीस मीच. ह्या हातानं." त्याचा आवाज चढला होता आणि तो त्याला खाली आणता येईना. त्यानं पाटावरची सुरी उचलून त्या माणसाच्या चष्म्यापुढं धरली. "ही बगा. त्येचीच हाय. हिनंच कापलेलं खाल्लंय तुमी तितं, आन् आज हिनंच कापलेलं खाल्लंत हितं. नक्कल म्हंता! कुनाची नक्कल? माजी मीच करू व्हय?"

"अरे वा!" चष्मेवाला खरंच खूश झाला. "म्हणजे मी म्हटलं ते बरोबरच होतं! काय योगायोग पाहा." तो आणखी काहीतरी विचारणार होता; मग त्याची नजर खाली गेली, अजीजुन्निसाच्या तोंडावर गेली, आणि 'बरंय, येतो' असं काहीसं पुटपुटत तो लगबगीनं बाहेर गेला.

पडवीत तेल तडतडत होतं. अजीजुन्निसानं सूप हळूच बाजूला ठेवलं. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवलं. ती ओरडेल, छाती पिटेल, सुरी हिसकावून घेईल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तोही ओरडला असता.

"बरसीचं मटण?" तिनं विचारलं.

"व्हय."

"हिनंच?"

"व्हय."

मग पहिल्यांदा तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "आत्ता न्हाई म्हनालात. मी मानलं. मला जलमात कळलं नसतं, भाऊ. उंद्या मेले असते तरी कळलं नसतं." तिचा आवाज शांत होता, नेहमी मीठ किती टाकायचं विचारायची तसाच. "मग ह्ये तुमी मला सांगितलं, का त्येला?"

एक वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. भाभी, तुमच्यापास्नं लपवून छातीवर धोंडा झाला व्हता, म्हून सांगितलं. चांगलं वाक्य होतं. तिनं ते मानलं असतं. आत्ताही मानलं असतं, तिला ते मानायचं होतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. कदाचित तिनं चूल गोमूत्रानं नव्हे, तिच्या पद्धतीनं धुऊन घेतली असती, मौलानांना विचारून काही दानधर्म केला असता, आणि त्याला ठेवून घेतलं असतं. रखमाजीनं तोंड उघडलं.

"त्येला," तो म्हणाला.